यंत्र घेण्याआधीचा कागद : बडोद्यातल्या धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

सन्माननीय विश्वस्त मंडळी आणि खरेदी समित्यांचे सभासद,

सप्रेम नमस्कार.

मी बायोमेडिकल इंजिनियर आहे. गेली एकोणीस वर्षं बडोद्यातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत यंत्रं बसवणं, तपासणं आणि बिघडली की उघडून बसणं हे माझं काम. आपल्यापैकी काही जण मला दांडिया बाजारातली शेजारीण म्हणून ओळखतात, काही जण खरेदीच्या बैठकीत वॉरंटीच्या अटी वाचून दाखवणारी म्हणून. बैठका गुजरातीत चालतात, कोटेशनं इंग्रजीत येतात. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण इतकी वर्षं मनात साठलेलं मला याच भाषेत नीट सांगता येतं, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांची तीच भाषा आहे. विनंती एकच आहे: मोठं यंत्र घेण्याआधी त्याची गरज, पुरावा आणि पूर्ण खर्च एका कागदावर मांडावा.

नवजात बाळांच्या कक्षातल्या एका दिव्यापासून सुरुवात करते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. ही गोष्ट कुठेही घडू शकते. कावीळ झालेल्या बाळांना निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, हे आपण पाहिलं असेल. त्या कक्षात असे चार दिवे होते. एका सकाळी इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या, "ताई, तीन नंबरखाली ठेवलेलं बाळ उशिराच घरी जातं बघा. का ते कळत नाही." दिवा तर लख्ख निळा दिसत होता. पण डोळ्याला दिसणारा निळेपणा वेगळा आणि बाळाच्या अंगातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, उतरवणारी तीव्रता वेगळी. ती मोजायला फ्लक्समीटर लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. ओळखीच्या एका इंजिनियरकडून मी तो दोन दिवसांसाठी मागून आणला. प्रखर फोटोथेरपीसाठी, म्हणजे या निळ्या प्रकाशाच्या उपचारासाठी, बाळाच्या अंगावर किमान ३० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर एवढा प्रकाश पडायला हवा असं मानतात. तीन नंबरखाली ९ भरले. आतल्या नळ्यांचं आयुष्य संपलं होतं, पुढच्या प्लास्टिकवर धुळीचा थर होता, आणि साफसफाईच्या वेळी कुणीतरी दिव्याचा दांडा वीतभर वर सरकवला होता तो तसाच राहिला होता. प्लास्टिक पुसलं, दांडा खाली घेतला, आकडा १६ वर गेला. नळ्या बदलल्यावर तिशी ओलांडली.

त्या महिन्यात मी फ्लक्समीटरचा प्रस्ताव दिला. तो नामंजूर झाला. "त्याने उपचार होत नाही," असं कारण इतिवृत्तात लिहिलं आहे. त्याच बैठकीत चार नवे एलईडी फोटोथेरपी संच मंजूर झाले. संच चांगले होते, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण बाळं जास्त दिवस का राहत होती, एका वेळी किती बाळांना दिवा लागतो, जुने दिवे दुरुस्त करून भागेल का, आणि नवे संच दोन वर्षांनी तितकाच प्रकाश देतात की नाही हे कोण आणि कशाने पाहणार, यातला एकही प्रश्न टेबलावर आला नाही. किंमत आली, तीन कोटेशनांची तुलना आली, सवलत किती मिळाली ते आलं.

या प्रश्नांची नीट घडी बसवली की त्याला आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन म्हणतात, बोलताना एचटीए. गेल्या काही वर्षांत हा शब्द आपल्या कानांवर पडू लागला आहे, म्हणून दोन वाक्यांत सांगते. तंत्रज्ञान म्हणताना त्यात यंत्र येतं तसं औषध, लस, इम्प्लांट, रक्ताची तपासणी, शस्त्रक्रियेची पद्धत असं सगळंच येतं. नवी गोष्ट आणल्याने रुग्णाचं किती भलं होतं, चालत आलेल्या उपायापेक्षा किती जास्त, त्यासाठी किती पैसे जास्त लागतात, आणि तेच पैसे दुसरीकडे लावले तर काय पदरात पडलं असतं, हे पुराव्यानिशी कागदावर मांडायचं. ब्रिटनमध्ये हे काम करणारी नाइस ही संस्था १९९९ पासून आहे, थायलंडमधली २००७ पासून. आपल्या देशात २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने याच कामासाठी एचटीएइन ही यंत्रणा सुरू केली. तिचं एक विभागीय केंद्र गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेत आहे. बडोद्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी तिथे पोहोचता येतं.

मग अडतं कुठे? माझ्या मते पहिली गफलत इथेच होते, की देशाचा प्रश्न आणि रुग्णालयाचा प्रश्न आपण एकच समजतो. एचटीएइनने सुरुवातीला जे विषय हाती घेतले त्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या लेन्सचा विषय होता. देशाने आपला पैसा कोणत्या लेन्सवर, कोणत्या पद्धतीवर खर्चावा, असा तो प्रश्न. आता आपल्या एखाद्या डोळ्यांच्या विभागाचा प्रश्न पाहा. आणखी एक फेको यंत्र, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढणारं, घ्यावं का? महिन्याला शस्त्रक्रिया किती होतात? फेकोवर हात बसलेले सर्जन किती, आणि त्यातले एक सोडून गेले तर? छोटाउदेपूरकडच्या शिबिरांतून जे आजी-आजोबा येतात त्यांचे मोतीबिंदू पार पिकून कडक झालेले असतात. अशा डोळ्यांना लहान छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया अनेकदा सोयीची पडते. अशा रुग्णांचं प्रमाण आपल्याकडे किती? दिल्लीचा अहवाल याचं उत्तर देणार नाही. तो त्यासाठी लिहिलेलाच नाही.

त्या अहवालांत 'क्वाली' नावाचं माप असतं: आयुष्याची वाढलेली वर्षं आणि त्या वर्षांतली तब्येत यांचा मिळून केलेला हिशोब. आपल्याकडे तो मांडताना, कोणत्या तब्येतीचं मोल किती याची भारतीय माणसांच्याच उत्तरांवरून ठरवलेली मूल्यं २०२२ पासून उपलब्ध आहेत, आणि एका क्वालीला दरडोई देशांतर्गत उत्पन्नाएवढा खर्च ही रेघ धरायची रीत आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण आपल्या खरेदी समितीला आज या मापाची गरज नाही. आपण त्याच्या कितीतरी अलीकडे अडलो आहोत, आणि तिथे अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आपल्याकडे प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. धर्मादाय रुग्णालयात मोठं यंत्र बहुतेकदा देणगीतून येतं. देणगीदाराची भावना अस्सल असते. आईच्या आजारपणात जे मिळालं नाही ते दुसऱ्या कुणाच्या आईला मिळावं, एवढीच इच्छा असते, आणि त्या इच्छेपुढे कुणीही हात जोडावेत. किंवा एखाद्या कंपनीचा सीएसआरचा पैसा असतो आणि तो मार्चअखेरीच्या आत खर्ची पडायला हवा असतो. जानेवारीत फोन येतो, फेब्रुवारीत ऑर्डर जाते. दोन्ही वेळा कोणतं यंत्र घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. कोनशिला होते, नारळ फुटतो, फोटो निघतो. त्यानंतर जे लागतं ते देणगीत नसतं. खोली, एसी, अर्थिंग, यूपीएस, दोन पाळ्यांचे टेक्निशियन, आणि वॉरंटी संपली की सीएमसी, म्हणजे सुट्या भागांसकट देखभालीचा वार्षिक करार. समजा यंत्र एक कोटीचं आहे आणि सीएमसी किमतीच्या पाच टक्के ठरली. वर्षाला पाच लाख झाले, म्हणजे पाच वर्षांत पंचवीस लाख. हा आकडा ज्या दिवशी यंत्र घेतलं त्याच दिवशी माहीत असतो. तरी सहाव्या वर्षी तो कुणालाच अपेक्षित नसल्यासारखा समोर येतो, करार लांबतो, आणि एका दुपारी यंत्र बंद पडतं ते पडतंच.

केंद्र सरकारने सरकारी आरोग्यसंस्थांमधल्या यंत्रांची एकदा मोजणी करवली. २९,११५ संस्थांत ७,५६,७५० यंत्रं भरली, त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये, आणि वेगवेगळ्या राज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के बंद निघाली. त्या मोजणीतूनच देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. आपली रुग्णालयं त्या यादीत नव्हती. माझी विनंती आहे की आपण स्वतः एकदा, कुणालाही आधी न कळवता, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फेरी मारावी आणि कव्हर घातलेली यंत्रं मोजावीत. ज्यांच्या अंगावर देणगीदाराच्या आईवडिलांचं नाव आहे ती वेगळी मोजावीत.

आता प्रयोगशाळेकडे येते, कारण तिथे यंत्र फुकट मिळतं. कंपनी म्हणते, अ‍ॅनालायझरचा एक रुपयाही देऊ नका, फक्त आमचे रीएजंट, म्हणजे तपासणीला लागणारी रसायनं, तीन वर्षं घ्या. याला रीएजंट रेंटल म्हणतात. यंत्र बंदिस्त पद्धतीचं असतं, दुसऱ्या कुणाचं रीएजंट ते स्वीकारत नाही. समितीसमोर येतो तो एकच आकडा: एका तपासणीला नव्वद रुपये. विषय दोन मिनिटांत मंजूर होतो, कारण भांडवली खर्चच नाही.

हिशोब सोपा करून मांडते. धरा की हार्मोनची एक तपासणी आहे, शंभर तपासण्यांचा किट नऊ हजारांना, उघडल्यावर तो अठ्ठावीस दिवस टिकतो. किट चालू करताना कॅलिब्रेशनला, म्हणजे यंत्राचं माप जुळवायला, सहा तपासण्या जातात. रोज दोन कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, लावावेच लागतात, नाहीतर निकालावर विश्वास ठेवता येत नाही. रुग्ण रोज दोन. म्हणजे दिवसाला चार. तेवीस दिवसांत किट संपतो आणि तेवढ्यात रुग्णांच्या तपासण्या झाल्या शेहेचाळीस. नऊ हजार भागिले शेहेचाळीस, एक तपासणी १९५ रुपयांच्या वर गेली. कोटेशनमधला नव्वदचा आकडा खोटा नव्हता. तो फक्त आपल्या रुग्णसंख्येचा नव्हता.

हीच तपासणी एक दिवसाआड लावली तर? एका फेरीत चार रुग्ण आणि दोन कंट्रोल. अठ्ठावीस दिवसांत चौदा फेऱ्या, छप्पन्न रुग्ण, दहा तपासण्या मुदत संपून वाया, आणि खर्च १६० रुपयांच्या आसपास. तपासणीमागे पस्तीस रुपये वाचले, पण काही रुग्णांना निकालासाठी एक दिवस थांबावं लागलं. ते चालेल का? थायरॉइडच्या नेहमीच्या रुग्णाला चालेल. नवजात बाळाच्या थायरॉइडची शंका असेल तर मुळीच चालणार नाही. मग ती तेवढी एक तपासणी शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची का? तिथून निकाल किती तासांत येतो? बघा, यंत्र कोणतं घ्यायचं यावरून सुरू झालेली गोष्ट कोणत्या रुग्णाला काय हवं आहे इथे येऊन थांबली. एचटीए म्हणजे हेच. हा हिशोब आमच्या लॅबच्या सीनियर टेक्निशियनबाईंनी मला जुन्या रजिस्टरच्या पाठच्या पानावर करून दाखवला होता. त्यांना खरेदीच्या बैठकीला आजवर कुणी बोलावलेलं नाही.

हिशोबाचाच आणखी एक मुद्दा. आपल्या रुग्णालयात एका डायलिसिसला आपल्याला किती खर्च येतो? हा प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला. रुग्णाकडून किती घेतो ते सगळ्यांनी सांगितलं. आपल्याला किती पडतो ते कुणाला सांगता आलं नाही, कारण आरओचं पाणी, वीज, टेक्निशियनचा पगार, डायलायझर, बायकार्बोनेट हे वेगवेगळ्या खात्यांत लिहिलं जातं आणि कधी एकत्र येत नाही. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये आपल्याला ठरलेली रक्कम मिळते. गुजरातमध्ये २०२३ पासून योजनेतल्या दर कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, त्यामुळे असे रुग्ण आपल्याकडे वाढतच जाणार. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या रुग्णालयांच्या सेवांचा खरा खर्च मोजण्याचा मोठा अभ्यास झाला, आणि पॅकेजचे दर सुधारताना तो वापरला गेला. दर परवडत नाहीत अशी तक्रार आपण प्रत्येक बैठकीत करतो. ती आकड्यांनिशी करता आली तर तिला वजन येईल. स्वतःचा खर्च माहीत नसलेल्या रुग्णालयाला नवं तंत्रज्ञान परवडतं की नाही हे ठरवता येत नाही, एवढं साधं आहे ते.

किमतीवर सरकारी बंधन आलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही काहींना वाटतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती बांधल्या गेल्या, आणि लाखो कुटुंबांना त्याचा आधार मिळाला. पण किंमत उतरल्याने या रुग्णाला स्टेंट हवा होता का, हे ठरत नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि तो डॉक्टरांच्याच टेबलावर सुटतो.

डॉक्टरांविषयी मला मनापासून लिहायचं आहे, कारण त्यांच्या साथीशिवाय यातलं काहीही उभं राहणार नाही. एक ज्येष्ठ सर्जन मला म्हणाले, "म्हणजे मला नाही म्हणायला तुम्ही आता समिती काढणार." त्यांची धास्ती मी समजू शकते. रात्री दोन वाजता रुग्ण त्यांच्या हाताखाली असतो, समितीच्या नाही. एखादं साधन नव्हतं म्हणून रुग्ण गेला, हे ओझं ते घरी घेऊन जातात. शिवाय नव्या तंत्राचा पुरावा सुरुवातीला थोडाच असतो, तोही परदेशातल्या मोठ्या केंद्रांमधला. हात बसायला वेळ लागतो. आणि पुरावा पुरेसा जमेपर्यंत यंत्राची पुढची आवृत्ती आलेली असते. ही अडचण एचटीए करणाऱ्या देशांनाही चुकलेली नाही.

पण एचटीएचं काम नाही म्हणणं आहे, हा गैरसमज मला दूर करायचा आहे. मी स्वतः एकदा व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घशात पाहून श्वासाची नळी घालायच्या कॅमेऱ्याच्या साधनाच्या, खरेदीला विरोध केला होता. साधा लॅरिंगोस्कोप स्वस्त, टिकाऊ, दुरुस्तीला सोपा. हे कशाला, असं माझं म्हणणं. भूलतज्ज्ञ मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी आठ महिन्यांतली यादी पुढे ठेवली: ज्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालायला दोनपेक्षा जास्त प्रयत्न लागले ते सगळे. त्यात जाड मानेचे, जबडा न उघडणारे, तंबाखू-माव्याने तोंड आखडलेले तरुण किती होते ते पाहून मी गप्प झाले. तोंड न उघडणं हा आपल्या भागातला मोठा प्रश्न आहे आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तो नव्हता. तो त्यांच्या वहीत होता. यंत्र घेतलं गेलं आणि ते सतत वापरात आहे. त्या यादीने माझं मत बदललं. अशी यादी प्रत्येक मागणीबरोबर यावी, एवढंच माझं मागणं आहे, मग मागणी ज्येष्ठ सर्जनची असो की माझी.

रुग्णालयाच्या पातळीवर हे कसं करायचं याची उदाहरणं जगात आहेत. पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयांनी १९८२ मध्येच आपली स्वतःची मूल्यमापन समिती नेमली. पण आपल्या मापाला बसणारं उदाहरण डेन्मार्कचं आहे. तिथल्या रुग्णालयांसाठी एक छोटा नमुना तयार झाला, मिनी-एचटीए म्हणतात त्याला. २६ प्रश्न. तंत्रज्ञान, रुग्ण, रुग्णालयाची व्यवस्था आणि पैसा अशा चार बाजूंनी ते विचारलेले. हे आणल्याने सध्याच्या पद्धतीत काय बदलतं? पुरावा कुठला आणि किती भक्कम? रुग्णाला त्रास किंवा धोका काय? कुणाला प्रशिक्षण लागेल? दुसऱ्या कोणत्या विभागावर भार पडेल? सुरुवातीचा खर्च किती, दरवर्षीचा किती? मागणी करणाऱ्या विभागानेच तो भरायचा. त्यासाठी तज्ज्ञांची फौज लागत नाही, वाचलेलं आणि मोजलेलं मात्र लागतं.

तो नमुना जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणत नाही. आपले काही प्रश्न त्यात घालावे लागतील. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा मी एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर गुडघाभर पाण्यात उभी होते. पाणी चढायच्या आधी वॉर्डबॉय आणि आम्ही मिळून ईसीजी, मॉनिटर, सक्शन मशीन जिन्यावरून वर नेली. जे बोल्टने जमिनीला बसवलेलं होतं ते नेता आलं नाही. ते यंत्र घेताना जागा ठरवली होती ती ट्रॉली सहज वळावी म्हणून, आणि केबल कमी लागावी म्हणून. नदी किती वर येते हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्या मनात आला नाही, माझ्याही नाही, जरी २०१९ चा पूर आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. डेन्मार्कच्या कागदावर हा प्रश्न नाही. आपल्या कागदावर तो सत्ताविसावा असायला हवा: हे यंत्र कुठे उभं राहणार, आणि पाणी आलं तर कुठे जाणार?

कुणी म्हणेल, हे सगळं आणायचं तर मोठी यंत्रणा लागेल, माणसं कुठून आणायची. बडोद्याला हा प्रश्न तसा नवा नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा एकदम सगळ्या राज्यावर लादलं नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलं, शाळा, मास्तर, खर्च, पालकांची नाराजी हे सगळं तिथे अनुभवलं, आणि मग १९०६ मध्ये पूर्ण राज्याला लागू केलं. माझी विनंती त्याच धर्तीवर आहे. पुढच्या सहा महिन्यांत दहा लाखांवरच्या एकाच खरेदीसाठी असा कागद भरून पाहा. एकाच.

त्या एका कागदासाठी कोण बसेल तेही सुचवते. मागणी करणारे डॉक्टर; जिथे यंत्र लागणार तिथल्या इन्चार्ज सिस्टर किंवा टेक्निशियन; बायोमेडिकल; हिशोबनीस; आणि रुग्णालयाशी किंवा विक्रेत्याशी काही देणंघेणं नसलेली एक बाहेरची व्यक्ती. प्रत्येकाने सुरुवातीला लिहून द्यावं की संबंधित कंपनीकडून आपल्याला प्रवास, मानधन, भेट असं काही मिळालेलं नाही, आणि मिळालं असेल तर काय. यात अपमान मानू नये; आम्ही बायोमेडिकलवालेही कंपनीच्या प्रशिक्षणाला जातो, आमच्यापासून सुरुवात करावी. आकडेमोडीची मदत हवी असेल तर शहरात बडोदा मेडिकल कॉलेजचा सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग आहे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात संख्याशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांना शिकण्यासाठी खरीखुरी माहिती हवी असते, आपल्याला ती मांडून देणारं कुणीतरी हवं असतं. गांधीनगरच्या केंद्रालाही एक पत्र लिहून मार्गदर्शन मागता येईल.

देणगीदारांशी बोलण्याचं काम मात्र आपलंच आहे, ते दुसरं कुणी करू शकत नाही. त्यांना यंत्रांची नावं सुचवण्याऐवजी, कागद भरून तयार असलेल्या गरजांची यादी दाखवा. पाच वर्षांच्या देखभालीचा निधी देणाऱ्याचं नावही भिंतीवर लागू दे. माझा अनुभव असा आहे की नीट समजावून सांगितलं तर लोक ऐकतात. एका काकांनी सोनोग्राफी मशीनऐवजी डायलिसिसच्या आरओ प्लांटचे पैसे दिले, कारण सिस्टरनी त्यांना घेऊन जाऊन जुनी, क्षार चढलेली मेंब्रेन दाखवली.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या लेखी ही सर्वात कठीण. वर्षभराने तोच कागद पुन्हा उघडायचा. महिन्याला चाळीस रुग्णांवर वापरू असं लिहिलं होतं, किती झाले? बंद किती दिवस राहिलं? रुग्णाला जे मिळेल म्हटलं होतं ते मिळालं का? कुणाला धारेवर धरायला नाही. पण हे पाहिलं नाही तर पहिल्या कागदावर कुणीही काहीही लिहील. आणि कधी कधी उत्तर असं येईल की हे यंत्र आपल्याकडे नको, दुसऱ्या रुग्णालयाला द्यावं, तिथे त्याचा उपयोग आहे. तेही करण्याची तयारी ठेवावी लागेल.

पहिला कागद मी भरून ठेवला आहे. तो दहा लाखांच्या वरचा नाही, फ्लक्समीटरचा आहे. आज त्या कक्षात किती बाळं वर्षाला फोटोथेरपीखाली जातात, प्रत्येक बाळ सरासरी किती तास राहतं, नवे एलईडी संच घेतल्यापासून त्यांचा प्रकाश किती वेळा मोजला गेला, हे त्यात लिहिलं आहे. शेवटच्या प्रश्नापुढे शून्य आहे. मीटरची किंमत एका संचाच्या किमतीपुढे किरकोळ आहे, तीही लिहिली आहे. पाणी आलं तर तो कुठे जाणार, या प्रश्नापुढे सिस्टरनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: "माझ्या खिशात." खाली त्यांची सही आहे, माझी आहे, बालरोगतज्ज्ञांची आहे. विश्वस्तांच्या सहीची जागा रिकामी ठेवली आहे. पुढच्या बैठकीत तो कागद घेऊन सिस्टरना आणि मला आत बोलवावं, ही विनंती.

आपली,
एक बायोमेडिकल इंजिनियर
दांडिया बाजार, बडोदे